फिरत्या घराची वीज : आल्टरनेटरवरून लिथियम बॅटरीचे भारण व विलगीकरण

ज्या गाडीत माणसे प्रवास करतात आणि रात्री मुक्कामही करतात, त्या गाडीत विजेची दोन परस्परभिन्न कामे असतात. एक काम इंजिन सुरू करण्याचे. त्यासाठी काही क्षणांपुरता, परंतु फार मोठा विद्युत्प्रवाह लागतो. दुसरे काम दिवे, पंखा, लहान शीतकपाट, पाण्याचा पंप अशी घरगुती साधने चालविण्याचे. त्यासाठी प्रवाह थोडा, पण तो रात्रभर लागतो. ही दोन्ही कामे एकाच बॅटरीवर सोपविली तर सकाळी इंजिन सुरू होईल याची शाश्वती राहत नाही. म्हणून अशा गाडीत दोन बॅटऱ्या ठेवण्याची पद्धत पडली. प्रस्तुत पाठात त्यांना आपण अनुक्रमे ‘गाडीची बॅटरी’ आणि ‘घराची बॅटरी’ असे म्हणू.

आपल्या देशात अशा निवासी गाड्यांचा प्रसार अलीकडचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही तशी योजना आखली. खाजगी व्हॅनच्या आत खाटा, ओटा आणि बॅटरी बसवून घेणारी कुटुंबेही आता दिसू लागली आहेत. या गाड्यांत पूर्वी घराची बॅटरीही शिशाचीच असे. आता तिची जागा लिथियम बॅटरी घेत आहे. बदल वरवर पाहता साधा वाटतो : जुनी पेटी काढावी, त्याच तारांना नवी जोडावी. पण याच साधेपणात धोका दडलेला आहे. शिशाच्या बॅटरीत जो संयम अंगभूत होता, तो लिथियम बॅटरीत नाही. तो जोडणीतून आणावा लागतो. तो कसा आणावयाचा, हा या पाठाचा विषय आहे.

आल्टरनेटरचे कार्य

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे, गाडीतील वीज निर्माण करणारे यंत्र म्हणजे आल्टरनेटर. १९६० च्या सुमारास त्याने मोटारगाड्यांतील जुन्या डायनॅमोची जागा घेण्यास प्रारंभ केला. त्याच्या फिरत्या भागात एक वेटोळे असते. त्यातून थोडासा प्रवाह सोडला की तो भाग चुंबक बनतो आणि भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न करतो. डायोडांच्या साहाय्याने हा प्रवाह एकदिश केला जातो. नियामक नावाचा भाग फिरत्या वेटोळ्यातील प्रवाह कमीअधिक करून बाहेर पडणारा दाब साधारणतः १४ ते १४.४ व्होल्ट इतका राखतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नियामक दाबावर लक्ष ठेवतो. किती प्रवाह बाहेर जात आहे, याची तो सहसा पर्वा करीत नाही. समोरचा भार जेवढा प्रवाह मागेल तेवढा, आपल्या शक्तीच्या मर्यादेपर्यंत, आल्टरनेटर देत राहतो.

त्याच्या अंगावर छापलेला ‘९० अँपिअर’ किंवा ‘१२० अँपिअर’ हा आकडाही जपून वाचला पाहिजे. तो थंड हवेत आणि भरपूर वेगात मिळणाऱ्या प्रवाहाचा आकडा होय. यंत्र तापले की वेटोळ्यांचा रोध वाढतो व उत्पादन घटते. इंजिन मंद गतीने नुसते चालू असेल तर ते आणखी घटते. शिवाय आल्टरनेटरला वारा घालणारा पंखा त्याच्याच दांड्यावर बसविलेला असतो. गती मंदावली की वाराही मंदावतो. म्हणजे, उभ्या गाडीत आल्टरनेटरवर मोठा भार टाकला असता तो सर्वांत जास्त तापतो आणि त्याच वेळी सर्वांत कमी थंड होतो.

शिसे आणि लिथियम : स्वभावातील फरक

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रथम तयार केली. ती रिकामी असताना प्रारंभी बराच प्रवाह घेते. परंतु जसजशी भरत जाते तसतसा तिचा विरोध वाढतो आणि प्रवाह आपोआप ओसरू लागतो. पोट भरत आले की जेवणाऱ्याचा हात जसा आखडतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे आल्टरनेटरवरील मोठा भार अल्पकाळच टिकतो. अनेक दशके मोटारगाड्यांची सारी विद्युत्‌व्यवस्था या गुणाला गृहीत धरूनच रचली गेली.

निवासी गाड्यांत जी लिथियम बॅटरी प्रामुख्याने वापरतात ती लिथियम लोह फॉस्फेट या प्रकारची असते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले या द्रव्यावरील मूलभूत संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे भारतीय संशोधक त्यात सहभागी होते. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले. या प्रकारातील एका घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो. चार घट एकसरीत जोडले की १२.८ व्होल्टांची बॅटरी तयार होते व ती जुन्या १२ व्होल्टांच्या व्यवस्थेत सहज बसते.

मात्र तिचे दोन गुणधर्म शिशाहून अगदी निराळे आहेत. पहिला असा की, ती पाव भरलेली असो वा पाऊण भरलेली, तिचा विश्रांतीचा दाब १३ ते १३.३ व्होल्टांच्या आसपासच राहतो. शिशाच्या बॅटरीचा दाब पाहून ती किती भरली आहे याचा अंदाज बांधता येतो. येथे तो बांधता येत नाही. दुसरा गुणधर्म असा की, तिचा आंतरिक रोध फार कमी असतो, आणि जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत ती प्रवाह घेण्यास नकार देत नाही. मिळेल तेवढा प्रवाह ती एकसारखा घेत राहते.

थेट जोडणीचे परिणाम

आता समजा की, घराची लिथियम बॅटरी आल्टरनेटरला सरळ जोडली. आल्टरनेटरचा दाब १४.२ व्होल्ट आणि अर्ध्या भरलेल्या बॅटरीचा १३.२ व्होल्ट, फरक एक व्होल्टाचा. तारा, सांधे आणि बॅटरी यांचा एकूण रोध ०.०२ ओहम असेल तर ओहमच्या नियमानुसार प्रवाह ५० अँपिअर होईल. जाणकार मनुष्य तार अधिक जाड घेईल आणि रोध ०.०१ ओहमवर आणील. तेव्हा प्रवाह १०० अँपिअरवर जाऊ पाहील. जी काळजी इतरत्र गुण ठरते तीच येथे आल्टरनेटरच्या मुळावर येते, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

हा भार क्षणभराचा नसतो. २०० अँपिअर-तास धारकतेची बॅटरी अर्धी रिकामी असेल तर तो तासाहून अधिक काळ टिकतो. १४ व्होल्ट दाबाने १०० अँपिअर म्हणजे १,४०० वॉट शक्ती झाली. आल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के धरली तर तेवढी शक्ती बाहेर देताना सुमारे १,१५० वॉट उष्णता त्याच्या पोटातच उत्पन्न होते. कपड्यांची विजेची इस्त्री साधारण १,००० वॉटची असते. तशी एक इस्त्री आल्टरनेटरच्या पोटात तासभर चालू ठेवल्यासारखे हे झाले. परिणामी वेटोळ्यांवरील विद्युत्‌रोधक लेप जळतो किंवा डायोड निकामी होतात.

दुसरा धोका याहून आकस्मिक आहे. प्रत्येक लिथियम बॅटरीत तिच्या रक्षणासाठी एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तिला बी. एम. एस. म्हणतात. एखाद्या घटाचा दाब वा तापमान मर्यादेबाहेर गेले की ही यंत्रणा बॅटरीला परिपथातून एका क्षणात तोडते. आल्टरनेटर ८० अँपिअर देत असताना असे घडले आणि त्या वेळी दुसरी बॅटरी जोडलेली नसली, तर फिरत्या वेटोळ्यातील चुंबकीय ऊर्जेला जाण्यास वाट उरत नाही. नियामकाने आवर घालण्यापूर्वीच दाब उसळतो. संरक्षक डायोड नसतील तर तो ८०-१०० व्होल्टांपर्यंतही जाऊ शकतो. असा एकच तडाखा आल्टरनेटरचे डायोड आणि गाडीच्या संगणकीय नियंत्रणाचे नाजूक भाग नष्ट करू शकतो. गाडीची शिशाची बॅटरी जोडलेली असेल तर ती ही उसळी बऱ्याच अंशी शोषून घेते. म्हणून आल्टरनेटरपासून गाडीच्या बॅटरीकडे जाणारी वाट चालू इंजिनात कधीही तुटता कामा नये. विलगीकरण करावयाचे ते घराच्या बॅटरीचे, हा पहिला नियम समजावा.

तिसरा दोष इंजिन सुरू करताना दिसतो. दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या असतील तर स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह घराच्या बॅटरीतूनही वाहू लागतो. ती तार त्यासाठी नसते; फ्यूज वितळतो किंवा बी. एम. एस. बॅटरी तोडते.

विलगीकरणाचे चार मार्ग

पहिला मार्ग हाताने फिरविण्याच्या स्विचचा. तो स्वस्त आहे, परंतु त्याचे यश मनुष्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते. दिवसभराच्या प्रवासाने थकलेला चालक मुक्कामी पोहोचल्यावर स्विच विसरणार नाही, असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

दुसरा मार्ग रिलेचा. दाब पाहून चालणारा रिले साधारणतः १३.३ व्होल्टांच्या वर बॅटऱ्या जोडतो व १२.८ व्होल्टांच्या खाली तोडतो. दोन्ही बॅटऱ्या शिशाच्या असताना हे उत्तम चाले; कारण इंजिन बंद होताच दाब उतरे. लिथियम बॅटरी मात्र इंजिन बंद झाल्यावरही १३ व्होल्टांच्या वर राहते. रिलेला वाटते की इंजिन चालूच आहे. तो जोडणी तोडीत नाही आणि विलगीकरण नावापुरते उरते. इंजिन चालू असल्याच्या संकेतावर चालणारा रिले घेतला तर हा दोष टळतो. पण प्रवाहाला मर्यादा घालणे त्यालाही जमत नाही.

तिसरा मार्ग डायोडाचा. डायोडातून प्रवाह एकाच दिशेने जातो, त्यामुळे एका बॅटरीची वीज दुसरीत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु साध्या सिलिकॉन डायोडात सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्ची पडतो. आल्टरनेटरच्या १४.२ व्होल्टांपैकी बॅटरीपर्यंत १३.५ व्होल्टच पोहोचतात. ज्या लिथियम बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४.२ ते १४.६ व्होल्ट हवेत, तिच्यातील घटांचे संतुलन या दाबाला नीट होत नाही.

चौथा मार्ग डीसी-डीसी चार्जरचा, आणि आजच्या घडीला हाच योग्य होय. हे साधन गाडीच्या बॅटरीकडून वीज घेते, तिचा दाब आवश्यकतेनुसार चढविते वा उतरविते आणि घराच्या बॅटरीला ठरलेल्या दाबाने व ठरलेल्या प्रवाहाने देते. २० अँपिअरचा चार्जर २० अँपिअरच देतो. बॅटरी कितीही भुकेली असली आणि तार कितीही जाड असली तरी अधिक नाही. ज्या संयमाचा आपण प्रारंभी उल्लेख केला तो येथे यंत्राने आणला जातो. इंजिन बंद होताच चार्जर थांबतो व दोन्ही बॅटऱ्या विलग होतात. घराच्या बॅटरीची बी. एम. एस. अकस्मात तुटली तरी आल्टरनेटरला गाडीच्या बॅटरीचा आधार कायम राहतो.

या चार्जरची आवश्यकता आणखी एका कारणाने वाढली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बी. एस. ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी आल्टरनेटरचा दाब बदलता ठेवलेला असतो. उतारावर किंवा वेग कमी करताना तो १५ व्होल्टांच्या जवळ जातो, तर सरळ रस्त्यावर १२.५ व्होल्टांपर्यंत उतरतो. अशा गाडीत रिलेने जोडलेली लिथियम बॅटरी कधी भरेल, कधी उलट गाडीलाच वीज पुरवील. डीसी-डीसी चार्जर मात्र १२.५ व्होल्टांतूनही १४.४ व्होल्ट तयार करतो. या चार्जरला दाबावरून इंजिनाची स्थिती ओळखण्यास न सांगता इंजिन चालू असल्याचा स्वतंत्र संकेत तारेने द्यावा.

हिशेब : मालवीय नगर ते सांभर

आतापर्यंतचे तत्त्व एका उदाहरणाने पडताळून पाहू. जयपूरच्या दक्षिण भागात मालवीय नगर ही वसाहत आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेले आणि २००२ पासून मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी विद्यालय याच परिसरात जवाहरलाल नेहरू मार्गावर आहे. समजा, मालवीय नगरातील एक कुटुंब मे महिन्यात सुमारे ८० किलोमीटरांवरील सांभर सरोवराकाठी एक रात्र मुक्कामाला जात आहे. घराची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १,२८० वॉट-तासांची, असून निघताना पूर्ण भरलेली आहे.

मुक्कामातील खर्च असा : ४५ वॉटचे लहान शीतकपाट उन्हाळ्यामुळे एकूण १२ तास चालले, ५४० वॉट-तास, १५ वॉटचा पंखा १० तास, १५० वॉट-तास, १० वॉटचे दिवे ५ तास, ५० वॉट-तास, दूरध्वनी व इतर किरकोळ, ६० वॉट-तास. एकूण ८०० वॉट-तास. यास १२.८ व्होल्टांनी भागले असता ६२.५ अँपिअर-तास खर्च झाला. वातानुकूलन यंत्र यात धरलेले नाही. सरासरी १,००० वॉट घेणारे यंत्र आठ तास चालले तर ८,००० वॉट-तास, अर्थात अशा सहा बॅटऱ्यांहून अधिक वीज, लागेल.

परतीच्या दोन तासांत ही भरपाई होईल काय? ३० अँपिअरचा चार्जर ६० अँपिअर-तास देईल. भरपाई जवळजवळ पूर्ण होईल. पण आल्टरनेटरच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. ३० अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे ४२० वॉट. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर त्याला सुमारे ४६७ वॉट पुरवावे लागतील, १३.५ व्होल्टांना हा प्रवाह सुमारे ३५ अँपिअर होतो. आल्टरनेटर ९० अँपिअरचा असून उन्हात तापल्यावर तो ७० अँपिअरच देतो असे मानू. समोरचे दिवे, हवेचा झोत, इंजिनाचे पंखे, पंप व नियंत्रणे मिळून गाडी स्वतःच ३५ ते ४० अँपिअर घेते. बेरीज ७० ते ७५ अँपिअर झाली. याचा अर्थ आल्टरनेटर दोन तास आपल्या अखेरच्या मर्यादेवर किंवा तिच्याही पलीकडे ओढला जाईल.

सबब या गाडीत २० अँपिअरचा चार्जर बसवावा, किंवा मोठा असेल तर तो २० वर ठेवावा. त्याला आल्टरनेटरकडून सुमारे २३ अँपिअर लागतील आणि थोडी शक्ती राखीव उरेल. दोन तासांत ४० अँपिअर-तास परत मिळतील, २२.५ ची तूट राहील. ही तूट प्रवाह वाढवून भरून काढण्याचा मोह टाळावा. छतावरील २०० वॉटचा सौरफलक राजस्थानच्या स्वच्छ उन्हात, नुकसान वजा जाता, दिवसाला सुमारे ७५० वॉट-तास देऊ शकतो. घरी परतल्यावर भिंतीवरील प्लगही आहेच. आणि जैसलमेरसारखा सुमारे ५६० किलोमीटरांचा प्रवास असेल तर २० अँपिअर हा प्रवाह पुरून उरतो, हे उघड आहे.

गाडी उभी ठेवून केवळ बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालू ठेवणे सर्वथा त्याज्य होय. आल्टरनेटर त्या वेळी जेमतेम गाडीपुरती वीज देतो आणि तापतो. शिवाय आत माणसे झोपलेली असताना इंजिन चालू राहिले तर निष्कास धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याची भीती असते. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच तो प्राण घेतो.

तारा आणि फ्यूज

तांब्याच्या एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. पुढील बॅटरीपासून मागील चार्जरपर्यंत पाच मीटर अंतर असेल तर जाण्यायेण्याची तार दहा मीटर झाली. १६ चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतल्यास रोध ०.०१०८ ओहम होतो आणि ३५ अँपिअर प्रवाहाला ०.३८ व्होल्ट दाब वाटेत खर्ची पडतो. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच खर्च ०.६ व्होल्ट होतो. म्हणून चार्जर घराच्या बॅटरीजवळ बसवावा. वाटेतील तूट तो स्वतः भरून काढतो, पण पुढे बॅटरीपर्यंत मात्र अंतर थोडे असावे.

फ्यूज तारेचे रक्षण करतो, यंत्राचे नव्हे. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वाटेला दोन्ही टोकांनी वीज मिळू शकते. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाशी, शक्य तितक्या जवळ, एकेक फ्यूज हवा. ३५ अँपिअरच्या वाटेवर ५० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. लिथियम बॅटरीच्या बाजूचा फ्यूज निवडताना त्याची प्रवाह तोडण्याची कमाल क्षमताही पाहावी. तिचा आंतरिक रोध अत्यल्प असल्याने तारांचा परस्परस्पर्श झाल्यास हजारो अँपिअर वाहू शकतात. बाजारातील हलका फ्यूज वितळला तरी त्याच्या टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटत राहते.

ऋण बाजूची जोडणी गाडीच्या सांगाड्याला करावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाहमापक बसविलेला असतो. तार थेट त्या टोकावर आवळली तर त्या मापकाला चार्जरचा प्रवाह दिसत नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

उन्हाळा आणि हिवाळा

जयपूरचे मे-जूनमधील तापमान ४४-४५ अंशांपर्यंत चढते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आत ते याहून पुष्कळ अधिक असते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीच्या भारणासाठी बहुतेक उत्पादक ४५ ते ५५ अंशांची कमाल मर्यादा सांगतात. म्हणून ही बॅटरी इंजिनाशेजारी कधीही ठेवू नये. ती आत, सावलीत, हवा खेळेल अशा बैठकीखाली घट्ट बांधून ठेवावी. दुपारी बी. एम. एस. ने भारण थांबविले तर तो बिघाड नव्हे. ते तिचे कर्तव्य आहे. तिला वळसा घालून जोडणी करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. हा प्रकार इतर लिथियम प्रकारांपेक्षा अधिक सुरक्षित आहे हे खरे; फॉस्फेटातील प्राणवायू पक्का बांधलेला असतो. तथापि अतिशय तापलेल्या घटातून ज्वलनशील वाफा बाहेर पडतातच.

थंडीचा नियम याच्या उलट, पण तितकाच कठोर आहे. शून्य अंशाखाली भारण केले असता लिथियम ऋणाग्राच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठावर धातुरूपाने साचतो. ही हानी भरून येत नाही. जयपूरमध्ये असा प्रसंग क्वचितच येईल. परंतु हिवाळ्यात अबूच्या पहाडावर पारा शून्याखाली उतरतो आणि लडाखची तर गोष्टच निराळी. तेथे बॅटरी उबदार झाल्यावरच चार्जर सुरू व्हावा अशी व्यवस्था असली पाहिजे.

जोडणी आणि तपासणी

काम करताना प्रथम गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि अखेरीस जोडावे. फ्यूज सर्व सांधे आवळून झाल्यावरच बसवावेत. गाडीच्या रचनेत मोठे फेरफार करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाची व परिवहन कार्यालयाच्या परवानगीची विचारणा करावी, हेही येथे सांगून ठेवणे उचित होईल.

जोडणी पूर्ण झाल्यावर तीन मापे घ्यावीत. इंजिन बंद ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचा दाब मोजावा : गाडीची सुमारे १२.६ आणि घराची सुमारे १३.२ व्होल्ट असा फरक दिसला तर विलगीकरण बरोबर आहे. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले तर त्या कोठेतरी जोडलेल्या आहेत. नंतर इंजिन चालू करून चार्जरकडे जाणाऱ्या तारेच्या दोन टोकांमधील दाबाची तूट मोजावी. ती हिशेबाहून बरीच अधिक निघाली तर एखादा सांधा सैल आहे आणि तोच पुढे तापणार आहे. शेवटी अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर न स्पर्श करता तापमान मोजणाऱ्या साधनाने आल्टरनेटरचे कवच पाहावे. ते १०० अंशांच्या वर गेले असल्यास चार्जरचा प्रवाह कमी करावा. ही तपासणी हिवाळ्यात करून समाधान मानू नये. भर उन्हाळ्यात, शहरातील गर्दीतून गाडी हाकल्यावर ती पुन्हा करावी.

सारांश

आल्टरनेटर दाब राखतो, प्रवाह आवरीत नाही. शिशाची बॅटरी प्रवाह स्वतः आवरते. लिथियम बॅटरी आवरीत नाही. म्हणून दोघांमध्ये प्रवाह आवरणारे आणि इंजिन थांबताच वाट बंद करणारे साधन हवे. त्याचा प्रवाह घराची बॅटरी किती घेऊ शकते यावरून न ठरविता, तापलेल्या आल्टरनेटरजवळ गाडीची गरज भागवून किती उरते यावरून ठरवावा. पोखरण-जैसलमेर रस्त्यावर रात्री दिवा लागला नाही तर अडचण होईल. सकाळी इंजिन सुरू झाले नाही तर संकट ओढवेल. या दोहोंत निवड करण्याची वेळ आलीच तर घराच्या बॅटरीने अर्धपोटी राहावे, गाडीच्या बॅटरीने नव्हे.

अभ्यास

१. दाबावर चालणारा रिले दोन शिशाच्या बॅटऱ्यांत नीट चालतो, पण लिथियम बॅटरीसोबत का फसतो?

२. आल्टरनेटर आणि गाडीची बॅटरी यांमधील वाट चालू इंजिनात तोडली तर काय घडेल?

३. एका गाडीचा आल्टरनेटर १२० अँपिअरचा असून तापल्यावर तो ९५ अँपिअर देतो. गाडीची स्वतःची गरज ४० अँपिअर आहे. ३० अँपिअरचा चार्जर येथे चालेल काय? हिशेब मांडून दाखवा.

४. आपल्या कुटुंबाच्या एका रात्रीच्या मुक्कामातील विजेचा खर्च वॉट-तासांत मांडा. १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्यास पुरेल काय, आणि २० अँपिअरच्या चार्जरने ती भरपाई होण्यास किती तासांचा प्रवास लागेल?